गुप्तचर इशारा ठाण्यापर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत त्यातून काय गळते

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे सोलापूर स्टेशनच्या परिसरात लॉज आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या तोंडावर ‘गुप्तचर यंत्रणांचा इशारा, शहरात सतर्कता’ अशी बातमी आली आणि त्याच रात्री पोलीस येऊन रजिस्टर तपासून गेले. इशारा काय आहे, असे विचारल्यावर हवालदार म्हणाले, “आम्हालाही माहीत नाही, वरून आदेश आहे.” दिल्लीला जे माहीत आहे ते ठाण्याला का माहीत नसते, ही माहिती नेमकी कोण कोणाला कळवते आणि अशा वेळी लॉजचालकाने काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

पोलीस दलातील माझ्या नोकरीचा मोठा भाग विशेष शाखेत आणि गुप्तवार्तेच्या कामात गेला, त्यात सोलापूरही आले. त्या अनुभवाच्या आधाराने उत्तर देतो. सार्वजनिक झालेल्या चौकटीबाहेरचे काही लिहिणार नाही आणि त्याची गरजही नाही, कारण प्रश्नाचे उत्तर त्या चौकटीतच आहे.

आपल्या प्रश्नाची मांडणी मी थोडी बदलू इच्छितो. इशारा कोठून आला, कोणी दिला, कोणाच्या तोंडून कळला, हे त्या हवालदाराला माहीत नसणे योग्यच आहे. तसे माहीत असते, तर मला अधिक काळजी वाटली असती. पण आपल्या काउंटरवर उभे राहून रजिस्टरात काय शोधायचे, हे त्याला कोणी सांगितले होते का? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. इशारा वरून खाली येताना त्यातून स्रोत गाळला जातो आणि तो गाळलाच पाहिजे. मात्र स्रोताबरोबर उपयोगाचा भागही गाळला गेला, तर खाली फक्त आदेश उरतो, आणि आदेश मिळालेला माणूस तो पाळल्याचे दाखवण्यापुरतेच काम करतो.

आता मार्ग पाहू. आपल्या देशात इशारा देणारी यंत्रणा आणि कारवाई करणारी यंत्रणा मुळातच वेगळ्या आहेत. इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, ही १८८७ पासून चालत आलेली संस्था केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, तर तिच्यातूनच १९६८ मध्ये वेगळी झालेली ‘रॉ’ परदेशातील माहिती मिळवते. या दोन्ही संस्थांच्या अधिकाऱ्यांना कोणाला अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही आणि गुन्हाही दाखल करता येत नाही. दुसरीकडे, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे दिलेले आहेत. त्यामुळे दिल्लीत कळलेल्या गोष्टीवर सोलापुरात काही घडवायचे असेल, तर ती गोष्ट राज्याच्या पोलिसांच्या हातात द्यावीच लागते. २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची कल्पना मांडली आणि त्याला अटकेचे व झडतीचे अधिकार देण्याचे ठरवले, तेव्हा अनेक मुख्यमंत्र्यांनी याच मुद्द्यावर विरोध केला आणि ते केंद्र प्रत्यक्षात आले नाही. त्या वादात कोण बरोबर होते, यावर मतभेद असू शकतात. माझे मत राज्यांच्या बाजूने आहे, कारण माहिती मिळवणाऱ्यानेच अटकही करायची, अशी सोय एकदा झाली की माहिती तपासून पाहणारा तिसरा माणूस उरत नाही.

हाती देण्याची ही व्यवस्था आज मुख्यतः ‘मल्टी एजन्सी सेंटर’ या केंद्रातून चालते. आमच्यात त्याला मॅक म्हणतात. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या मंत्रिगटाच्या शिफारशीवरून २००१ मध्ये ते आयबीअंतर्गत सुरू झाले, पण त्याला खरा जोर आला तो मुंबईवरील हल्ल्यानंतर, ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने. त्या आदेशाने ते चोवीस तास चालू लागले आणि संबंधित यंत्रणांनी आपापली माहिती तेथे मांडणे बंधनकारक झाले. लष्कर, निमलष्करी दले, महसुली गुप्तवार्ता, राज्यांचे पोलीस अशा सगळ्यांचा त्यात सहभाग असतो. राज्यांच्या राजधान्यांत त्याची उपकेंद्रे आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर मुंबईत राज्य गुप्तवार्ता विभाग आणि २००४ मध्ये स्थापन झालेले दहशतवादविरोधी पथक, म्हणजे एटीएस, ही माहिती घेतात आणि तेथून ती आयुक्तालयांकडे व जिल्ह्यांच्या अधीक्षकांकडे जाते. मे २०२५ मध्ये या केंद्राच्या नव्या स्वरूपाचे उद्घाटन झाले, तेव्हा जोडणी थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांपर्यंत नेण्यावर भर दिला गेला. आयुक्तालयात ही माहिती विशेष शाखेकडे येते, ग्रामीणमध्ये जिल्हा विशेष शाखेकडे, आणि तेथून ठाण्याकडे. ठाण्यात ती वरिष्ठ निरीक्षक आणि गोपनीय काम पाहणारा अंमलदार यांच्यापर्यंत थांबते. हजेरीला उभ्या असलेल्या सगळ्यांना जे सांगितले जाते, ते त्यापुढचे, गाळलेले रूप असते.

तातडी असेल, तर यातील पायऱ्या गाळल्या जातात. आज रात्री काही घडणार, अशी ठोस माहिती असेल, तर वरचा अधिकारी थेट आयुक्तांना किंवा अधीक्षकांना फोन करतो आणि कागद मागाहून येतो. वर्तमानपत्रात ज्याला ‘हाय अलर्ट’ म्हणतात तो बहुतेक वेळा या प्रकारातला नसतो. खरोखर ठोस माहिती असते तेव्हा बातमी छापून येत नाही, कारण तेव्हा संशयिताला कळू न देणे हेच पहिले काम असते.

स्रोत का गाळतात, हे सांगणे आवश्यक आहे. माहिती माणसाकडून आलेली असेल, तर तपशील जितका नेमका तितका तो माणूस ओळखू येण्याचा धोका मोठा. चार जणांच्या बैठकीतले बोलणे शब्दशः खाली पोहोचले, तर त्या चौघांपैकी बोलले कोण, हे शोधायला पलीकडच्यांना वेळ लागत नाही. माहिती परदेशी यंत्रणेकडून आलेली असेल, तर ती देणाऱ्याच्या संमतीशिवाय पुढे द्यायची नाही, असा जगभरचा संकेत आहे. कायद्यानेही हे मान्य केले आहे. गुन्ह्याची खबर कोणाकडून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, ही जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२५ मधील तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. आयबी आणि रॉ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, म्हणजे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा अपवाद वगळता तो कायदा त्यांना लागू होत नाही.

स्रोत झाकायचा आणि तरी मजकूर उपयोगाचा ठेवायचा, हे कौशल्याचे काम आहे आणि ते सर्वांना साधत नाही. ठाण्यात येणाऱ्या बिनतारी संदेशाचा नमुना साधारण असा असतो: ‘देशविघातक घटक आगामी सण-उत्सवाच्या काळात गर्दीची ठिकाणे, धार्मिक स्थळे, रेल्वे स्थानके, बस स्थानके, महत्त्वाच्या आस्थापना यांना लक्ष्य करण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी सर्व घटकप्रमुखांनी योग्य ती दक्षता घ्यावी व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल पाठवावा.’ या मजकुरात चुकीचे काहीच नाही, आणि नेमकी अडचण तीच आहे. तो कोणत्याही वर्षी, कोणत्याही शहरात, कोणत्याही सणाला लागू पडतो. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शब्द लिहिणाऱ्याचे रक्षण करतात. उद्या काही घडले, तर आम्ही कळवले होते, असे म्हणता येते. असा संदेश महिन्यातून अनेकदा वाचणाऱ्या निरीक्षकाच्या मनात त्याची धार किती उरत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

याचे एक उदाहरण आपल्या सोलापूरकरांना जवळचे वाटेल. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी हैदराबादच्या दिलसुखनगरमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे होते. राजकारणात येण्यापूर्वी ते स्वतः पोलीस उपनिरीक्षक होते. दोन दिवस आधी आम्ही राज्यांना माहिती दिली होती, असे त्यांनी सांगितले. ती सर्वसाधारण स्वरूपाची होती, असे तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाकडून उत्तर आले. त्या वेळी लोकांना वाटले की दोघांपैकी एक जण खोटे बोलत आहे. मला तसे वाटले नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि इशाऱ्यांच्या बाबतीत ती बहुधा तशीच असतात. देणाऱ्याने दिलेले असते, घेणाऱ्याला मात्र त्यातून कोणत्या चौकात माणूस उभा करायचा ते कळलेले नसते.

ठिकाण कळले की प्रश्न सुटतो, असेही नाही. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत स्फोट झाला, त्याआधी त्याच परिसरातील ज्यू प्रार्थनास्थळ आणि ओशो आश्रम यांच्याबाबत पोलिसांना सावध करण्यात आले होते. मुंबईवरील हल्ल्यासाठी ठिकाणांची पाहणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने त्या भागाचीही पाहणी केल्याचे तपासात पुढे आले होते. नाव असलेल्या ठिकाणांना बंदोबस्त मिळाला आणि स्फोट हाकेच्या अंतरावरच्या, नाव नसलेल्या ठिकाणी झाला. कागदावर ठिकाणाचे नाव आले की बंदोबस्त त्या नावाभोवती गोठतो. म्हणून नाव आले, तरी त्याच्या आजूबाजूला लोक कोठे थांबतात, कोठे खातात, पिशव्या कोठे ठेवतात, हे स्थानिक अधिकाऱ्यानेच भरून काढायचे असते.

नावे, पत्ते, पद्धत असे सगळे मिळूनही काय होऊ शकते, ते श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर रविवारी दिसले. भारताकडून तेथे काही दिवस आधीच बऱ्यापैकी नेमकी माहिती पोहोचली होती, ११ एप्रिलला तेथील पोलिसांचे अंतर्गत पत्रही निघाले होते, आणि तरीही चर्च व हॉटेलांतील स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मेली. ते पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ‘माहितीसाठी’ गेले. जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांसह वरिष्ठ अधिकाऱ्यांना नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. आपल्याकडे हे प्रकरण पोलीस प्रशिक्षणात शिकवावे, असे मला फार वाटते.

सोलापूरचा विचार करताना आणखी एक गुंता लक्षात घ्यावा लागतो, तो हद्दींचा. शहराला पोलीस आयुक्तालय आहे, जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला ग्रामीणचे अधीक्षक आहेत, म्हणजे पंढरपूरची आषाढी आणि अक्कलकोटची गर्दी एकाकडे, तर गड्डा दुसऱ्याकडे. स्टेशनात पाऊल टाकले की लोहमार्ग पोलीस, त्यांचे वरिष्ठ वेगळे. त्याच फलाटावर रेल्वे सुरक्षा दल, ते केंद्राचे. पुणे–हैदराबाद महामार्ग आणि मुंबई–चेन्नई लोहमार्ग येथून जातात आणि थोड्या अंतरावर कर्नाटक सुरू होते, जेथे कलबुर्गी आणि विजयपुराच्या पोलिसांना त्यांचा इशारा बेंगळुरूहून येतो. म्हणजे आपल्या लॉजमध्ये उतरलेला पाहुणा सकाळी रेल्वेने आला, दुपारी शहरात फिरला आणि रात्री बसने विजयपूरकडे गेला, तर तो एका दिवसात चार-पाच यंत्रणांच्या हद्दीतून जातो. वरून आलेला इशारा या सगळ्यांना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शब्दांत मिळालेला असू शकतो. यावर कागदी उपाय आहेत आणि समन्वय बैठका होतातही. माझा अनुभव विचाराल, तर जेथे विशेष शाखेचा अधिकारी आणि लोहमार्ग ठाण्याचा निरीक्षक एकमेकांना नावाने ओळखतात तेथे काम होते. बदल्यांचा हंगाम झाला की काही आठवडे ते अडखळते.

मग चांगला अधिकारी त्या गुळगुळीत संदेशाचे काय करतो? गड्ड्याचेच घ्या. संदेशात ‘गर्दीची ठिकाणे’ एवढेच आहे. पण ज्याने बंदोबस्त केलेला आहे त्याला माहीत असते की हिरेहब्बू वाड्यापासून निघालेले नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतील मानाच्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात तेव्हा गर्दी सरकती असते, सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याच्या वेळी ती थिजलेली असते, आणि होम मैदानावर शोभेच्या दारूकामाच्या रात्री सगळ्यांच्या नजरा वर असतात आणि स्फोटांचा आवाज अपेक्षितच असतो. तिन्ही वेळी पाहण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. असा अधिकारी हजेरीला ‘सतर्क राहा’ एवढेच सांगून थांबत नाही. स्टॉलच्या रांगेत ज्याचा मालक सापडत नाही असे सामान, बाहेर काढण्याच्या वाटेवर लावलेली वाहने, बॉम्बशोधक पथकाने तपासून गेल्यानंतर आत आलेल्या वस्तू, अशी ठोस यादी तो प्रत्येक पॉइंटवरच्या माणसाला देतो. स्रोताबद्दल त्यात एक अक्षरही नसते, तरी माणसाला कामाचे मिळालेले असते.

हे होत नाही तेव्हा पोकळी भरून निघते ती अंदाजाने, आणि अंदाज बहुतेक वेळा आडनावावर आणि पेहरावावर येऊन थांबतो. यावर माझे मत स्पष्ट आहे. वर्णनाशिवाय आलेल्या इशाऱ्यावर एखाद्या वस्तीत रात्रीबेरात्री दारे वाजवली, तर हाती काही लागत नाहीच, शिवाय त्या वस्तीतून पुढे येऊ शकणारी खरी खबर कायमची बंद होते. माझ्या माहितीतल्या उपयुक्त खबरी बऱ्याचदा अशाच मोहल्ल्यांतून, आपल्या पोराची किंवा शेजाऱ्याची चिंता वाटणाऱ्या माणसांकडून आलेल्या आहेत.

येथपर्यंत वरून खाली येणाऱ्या माहितीबद्दल झाले: केंद्रातून राज्याकडे, राज्यातून आयुक्तालयाकडे, तेथून ठाण्याकडे, आणि प्रत्येक पायरीवर स्रोत झाकत. पण खालून वर जाणारा प्रवाह माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, आणि दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. कायद्यात तो स्पष्ट सांगितला आहे. दखलपात्र गुन्ह्याच्या बेताची माहिती मिळालेल्या पोलीस अधिकाऱ्याने ती आपल्या वरिष्ठाला आणि तो गुन्हा रोखणे ज्याचे कर्तव्य आहे अशा अधिकाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६९ सांगते. जुन्या संहितेत हेच कलम १५० होते. गुन्हा घडून नोंदवला गेला आणि तो राष्ट्रीय तपास संस्थेच्या, म्हणजे एनआयएच्या अनुसूचीतील असेल, तर २००८ च्या एनआयए कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ठाणे राज्य सरकारला, राज्य केंद्राला कळवते आणि केंद्र पंधरा दिवसांत तपास कोणी करायचा ते ठरवते. पण तो घटनेनंतरचा मार्ग झाला.

घटनेआधीच्या मार्गाची अडचण एका शब्दात सामावलेली आहे, आणि तो शब्द सरकारी कचेरीत वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: निरंक, म्हणजे कळवण्यासारखे काही नाही. लॉज तपासले, निरंक. नाकाबंदी केली, निरंक. अहवाल वेळेत गेला की काम संपले. एखाद्या अंमलदाराला कोठे काही खटकलेले असते, परंतु ‘खटकले’ असे लिहायला रकाना नसतो, आणि लिहिले तर पुढचे चार प्रश्न त्यालाच विचारले जातात. पठाणकोटच्या हवाई तळावर २ जानेवारी २०१६ च्या पहाटे हल्ला झाला, त्याच्या आदल्या दिवशी पंजाब पोलिसांच्या एका अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने आपले अपहरण करून गाडी पळवल्याची खबर दिली होती. सुरुवातीला तिच्याकडे संशयाने पाहिले गेले आणि मोलाचे तास गेले. एवढ्या वरिष्ठ माणसाचे असे झाले, तर बीट अंमलदाराच्या शंकेचे काय होत असेल?

आता आपल्या काउंटरविषयी. तपासणीला आलेल्या पोलिसाला इशारा काय आहे, असे विचारू नका. ‘मी काय पाहू’ असे विचारा. उत्तर मिळाले, तर त्या ठाण्यात काम नीट चालले आहे असे समजा. न मिळाल्यास आपल्या हातात रजिस्टर आहेच. ओळखपत्राची प्रत घेताना फोटो आणि समोरचा चेहरा प्रत्यक्ष जुळवून पाहावा, मोबाइल क्रमांक लिहून घेतल्यावर तेथेच एक रिंग द्यावी, आणि येण्याचे कारण, कोठून आला व पुढे कोठे जाणार हे रकाने ‘खासगी काम’ असे लिहून भरू देऊ नयेत. परदेशी पाहुणा असेल, तर त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) चोवीस तासांत ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे का, हे आजच पाहा. चित्रण असते पण वेळ चुकीची असते, हा तपासात वारंवार येणारा अनुभव आहे.

काही खटकले, तर काय खटकले ते जसेच्या तसे सांगा, त्याचा अर्थ आपण लावू नका. ‘दहशतवादी वाटतो’ या वाक्याने पोलिसाला काहीच मदत होत नाही. ‘दोन दिवसांचे पैसे रोख आगाऊ दिले, खोली झाडू दिली नाही, जाताना एक बॅग ठेवून परत येतो म्हणाला आणि दिलेला फोन लागत नाही’ यावर तो पाऊल उचलू शकतो. तातडीचे असेल, तर ११२, नसेल, तर आपल्या ठाण्याचा निरीक्षक. ठाण्याबद्दल संकोच वाटत असेल, तर आयुक्तालयातील विशेष शाखेकडे जाता येते. बेवारस वस्तू असेल, तर तिला हात न लावता माणसे बाजूला करून मगच फोन करावा. ठरावीक गंभीर गुन्ह्यांच्या बेताची माहिती देणे हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ प्रमाणे नागरिकाचेही कर्तव्य आहे. सद्भावनेने दिलेली खबर पोकळ ठरली म्हणून कारवाई होत नाही. कारवाई होते ती जाणूनबुजून खोटी खबर देणाऱ्यावर.

शेवटी, आपण प्रश्नासोबत जोडलेल्या त्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘गोपनीय’ पत्राच्या छायाचित्राबद्दल. ते खरे असेल, तर ते बाहेर फुटायला नको होते आणि आपण पुढे पाठवल्याने जे झाकायचे होते तेच उघड होते. ते बनावट असेल, तर भीती पसरवणारा खोटा मजकूर पसरवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ लागू होऊ शकते. ते मूळ संदेशासह, कोणत्या गटात कधी आले त्या नोंदीसकट ठाण्यात दाखवा आणि ते दाखवून होईपर्यंत फोनमधून पुसू नका, कारण ते प्रथम कोणी टाकले हे शोधायला त्याच नोंदी लागतात.